उद्योजक: एक शब्द, दोन माणसं

"उद्योजक जोखीम घेतो, म्हणून त्याला नफा मिळतो." हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्यात काही तपासायचं शिल्लक आहे असं वाटतच नाही. असंच दुसरं वाक्य: "उद्योजक समाजात बदल घडवून आणतो." भाषणांमध्ये ही दोन्ही वाक्यं एका दमात येतात, जणू दोन्ही एकाच माणसाबद्दल आहेत.

गंमत अशी की अर्थशास्त्राच्या इतिहासात ती एका माणसाबद्दल नव्हतीच. पहिला विचार अठराव्या शतकातला, दुसरा विसाव्या. आणि ज्याने दुसऱ्या वाक्याचा पुरता सिद्धान्त बांधला, त्याने पहिलं वाक्य साफ नाकारलं होतं. त्याच्या मते उद्योजक जोखीम घेतच नाही!

माझं संशोधन आर्थिक विचारांच्या इतिहासावर आहे. त्याआधी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं असल्यामुळे, एकाच चिन्हाने दोन वेगळ्या राशी लिहिलेल्या दिसल्या की मला अस्वस्थ वाटतं. 'उद्योजक' या शब्दाचं नेमकं तेच झालंय. ते कसं झालं, आणि त्याने काय बिघडतं, ते या लेखात बघू.

पाणक्या, शेतकरी आणि चोर

सुरुवात रिचर्ड कँटिलॉनपासून. मूळचा आयर्लंडचा, पॅरिसमध्ये बँकर. त्याचा फ्रेंचमधला निबंध १७३० च्या सुमारास लिहिलेला आहे, पण तो छापला गेला त्याच्या मृत्यूनंतर, १७५५ मध्ये. 'आंत्रप्रनर' हा शब्द फ्रेंचमध्ये आधीपासून होता. कंत्राट घेणाऱ्याला तसं म्हणत. कँटिलॉनने त्याला अर्थशास्त्रातला अर्थ दिला.

त्याची विभागणी अगदी सोपी आहे. राजा आणि जमीनदार बाजूला ठेवा. उरलेल्या समाजाचे दोन भाग पडतात. एक, ज्यांची कमाई ठरलेली आहे: नोकर, मजूर, पगारी अधिकारी. दुसरा, ज्यांचा खर्च ठरलेला असतो पण कमाई ठरलेली नसते. हा दुसरा गट म्हणजे उद्योजक. त्याचं ठळक उदाहरण शेतकऱ्याचं आहे. शेतकरी जमीनदाराला ठरावीक खंड देतो, पेरणी करतो, पण पीक किती येईल आणि भाव काय मिळेल हे त्याला माहीत नसतं. किरकोळ दुकानदार, घरोघरी पाणी पोचवणारा पाणक्या, हेही याच गटात. एवढंच नाही, तर भिकारी आणि चोरसुद्धा. त्यांचीही मिळकत अनिश्चितच की!

म्हणजे कँटिलॉनच्या व्याख्येत 'नवं काहीतरी करणं' ही अट नाहीच. पिढ्यानपिढ्या तेच पीक घेणारा शेतकरीही उद्योजक. कसोटी एकच: अनिश्चितता कुणाच्या डोक्यावर आहे?

जोडणारा

पुढचा टप्पा जाँ-बाप्तीस्त से. त्याचा ग्रंथ १८०३ मध्ये आला. नेपोलियनशी त्याचं पटलं नाही, सरकारी पद गेलं, आणि मग त्याने उत्तर फ्रान्समध्ये ओशी इथे सूतगिरणी चालवली. म्हणजे कारखाना आतून बघितलेला हा अर्थतज्ज्ञ.

सेने एक महत्त्वाची चिरफाड केली. भांडवल पुरवणारा वेगळा आणि उद्योग चालवणारा वेगळा. पहिल्याला व्याज मिळतं, दुसऱ्याला त्याच्या कामाचा मोबदला. हे काम कोणतं? तर जमीन, श्रम, भांडवल आणि ज्ञान यांची जुळणी करणं. इंग्लंडमध्ये त्या काळी गिरणीमालक स्वतःच भांडवलदार असायचा, त्यामुळे रिकार्डो वगैरे मंडळींना हा फरक करायची फारशी गरज वाटली नाही. सेच्या पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादकाला तर या शब्दाला सोयीचा प्रतिशब्दच सापडेना. शेवटी त्याने जो शब्द वापरला त्याचा अर्थ 'धाडसी माणूस' असा होतो. बघा, सेने जुळवणारा म्हटलं आणि इंग्रजीत जाताना तो जोखीम पत्करणारा झाला.

आपल्या भाषेने मात्र इथे नकळत सेची बाजू घेतलेली आहे. 'उद्योग', 'उद्योजक' यांच्या मुळाशी संस्कृत 'युज्' हा धातू आहे. युज् म्हणजे जोडणं, जुंपणं. योग, योजना, संयोग, सगळी त्याचीच भावंडं. 'उद्योजक' या शब्दात धोक्याचा मागमूस नाही, जोडणी आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

समतोलात त्याला जागाच नाही

१८७४ मध्ये लेऑन वालराने अर्थव्यवस्थेला समीकरणांच्या संचात बसवलं. तरुणपणी त्याने लुई प्वांसोचं स्थितिशास्त्रावरचं पुस्तक वाचलं होतं आणि त्याचा ठसा त्याच्या अर्थशास्त्रावर दिसतो. भौतिकशास्त्रात समतोल म्हणजे काय, तर वस्तूवरच्या सगळ्या बलांची बेरीज शून्य. वालराच्या बाजारात समतोल म्हणजे प्रत्येक वस्तूची मागणी आणि पुरवठा सारखा, आणि किंमत उत्पादनखर्चाइतकी.

आता यात उद्योजकाचं काय होतं? किंमत खर्चाइतकी असेल तर त्याच्या हाती काहीच उरत नाही. वालराने हे लपवलं नाही. समतोलात उद्योजकाला ना नफा ना तोटा, असं त्याने स्वतःच मांडलं. पण ज्याचा परिणाम शून्य आहे अशी गोष्ट समीकरणातून खोडली तरी उत्तर बदलत नाही. पुढच्या पिढ्यांनी ती खोडली. १९६८ मध्ये विल्यम बॉमॉल या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने तक्रार केली, की अर्थशास्त्राच्या सिद्धान्तातून उद्योजक गायब होणं म्हणजे हॅम्लेटच्या चर्चेतून हॅम्लेटलाच वगळण्यासारखं आहे.

अठ्ठावीस वर्षांचा प्राध्यापक

वालराच्या या यंत्रावर मनापासून प्रेम करणारा आणि तरीही त्यावर समाधान न मानणारा माणूस म्हणजे जोसेफ शुम्पीटर. जन्म १८८३, ऑस्ट्रो-हंगेरियन साम्राज्यातल्या मोराव्हियात. वडिलांचा कापडाचा कारखाना होता, पण ते हा चार वर्षांचा असतानाच वारले. त्याचं 'आर्थिक विकासाचा सिद्धान्त' हे जर्मन पुस्तक १९११ मध्ये निघालं तेव्हा तो २८ वर्षांचा होता. (पीएचडीच्या चौथ्या वर्षात असलेल्यांनी हा आकडा मनाला लावून घेऊ नये.)

वालराशी त्याची एकदा भेट झाली होती. जपानी आवृत्तीच्या १९३७ सालच्या प्रस्तावनेत त्याने ती आठवण सांगितली आहे. वालराचं म्हणणं असं, की आर्थिक जीवन मुळात निष्क्रिय असतं. बाहेरून धक्के बसतात आणि ते जुळवून घेतं. लोकसंख्या वाढली, दुष्काळ पडला, युद्ध झालं, की किंमती सरकतात आणि नवा समतोल येतो. शुम्पीटरला हे पटेना. अर्थव्यवस्थेला हलवणारी ताकद तिच्या आतच असली पाहिजे, असं त्याला वाटत होतं.

त्याची मांडणी अशी. आधी एक फिरतं चक्र कल्पा. दरवर्षी तेच उत्पादन, तेच ग्राहक, त्याच पद्धती. सगळं सवयीने चाललेलं. इथे नफा नाही, म्हणजे इथवर वालरा बरोबर. मग कुणीतरी एक 'नवी जुळणी' करतो. ती पाच प्रकारची असू शकते: नवी वस्तू, उत्पादनाची नवी पद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत, किंवा उद्योगाची नवी रचना. ही जुळणी करणारा तो उद्योजक. तिच्यातून जो तात्पुरता फायदा होतो तो नफा. मग नक्कल करणारे येतात, किंमत खाली येते, नफा आटतो आणि चक्र नव्या जागी स्थिरावतं.

यात तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक, उद्योजक म्हणजे संशोधक नव्हे. शोध दुसऱ्याचा असू शकतो. तो व्यवहारात उतरवणं हे उद्योजकाचं काम. दोन, उद्योजक हा कुठला कायमचा वर्ग नाही. नवी जुळणी करून झाली आणि माणूस रोजचा कारभार बघू लागला, की तो उद्योजक राहत नाही. आणि तीन, जुळणी म्हणजे पुन्हा तीच 'युज्'ची गोष्ट. सेची जुळणी रोजची होती. शुम्पीटरने तिच्यात 'नवी' हा एक शब्द घातला आणि अख्खा सिद्धान्त फिरला.

मग बुडालं तर कुणाचं?

नवी जुळणी करायला यंत्रं, माणसं, कच्चा माल लागतो, आणि तो तर जुन्या चक्रात अडकलेला असतो. तो सोडवून आणायला पैसा हवा. उद्योजकाकडे तो असेलच असं नाही. शुम्पीटरच्या सिद्धान्तात तो बँकेकडून येतो. बँक नवी पत निर्माण करते आणि उद्योजकाच्या हाती देते.

आणि मग येतं ते विधान, ज्यापाशी मी पहिल्यांदा वाचताना बराच वेळ थांबले होते. शुम्पीटर म्हणतो, जोखीम उद्योजकाची नाही. बेत फसला तर पैसे बुडतात ते देणाऱ्याचे. उद्योजकाने स्वतःचे पैसे घातले असतील, तर ते बुडतात तो भांडवलदार म्हणून, उद्योजक म्हणून नव्हे. उद्योजकाची इज्जत जाईल, पण आर्थिक तोटा त्या भूमिकेत बसत नाही.

हे ऐकायला शब्दच्छल वाटतं, पण त्यामागे तर्क आहे. पैसे बुडण्याच्या धोक्याची भरपाई आणि नवी जुळणी केल्याचं फळ, ही एकाच नावाखाली घातली तर नफा नेमका कशामुळे झाला हे कधीच वेगळं काढता येत नाही. प्रयोगशाळेत दोन चल एकदम बदलले तर परिणामाचं श्रेय कुणाला द्यायचं, हाच प्रश्न.

आता या दोघांच्या आयुष्याकडे बघा. अनिश्चितता सोसतो तो उद्योजक, असं म्हणणाऱ्या कँटिलॉनने स्वतः काय केलं? जॉन लॉच्या मिसिसिपी कंपनीचा ५०० लिव्रचा शेअर १७१९ च्या अखेरीला १०,००० च्या घरात गेला होता. कँटिलॉन ग्राहकांना कर्ज द्यायचा, तारण म्हणून त्यांचेच शेअर ठेवून घ्यायचा, आणि ते चढ्या भावात विकून मोकळा व्हायचा. १७२० मध्ये फुगा फुटला. ग्राहकांच्या डोक्यावर कर्ज आणि व्याज राहिलं, कँटिलॉनकडे पैसा राहिला. पुढची कित्येक वर्षं तो खटले लढत होता. १७३४ मध्ये लंडनमधल्या घराला लागलेल्या आगीत त्याचा शेवट झाला; तो खून असावा असा संशय तेव्हापासून आहे.

आणि उद्योजकाला जोखीम नसते म्हणणारा शुम्पीटर? १९१९ मध्ये तो काही महिने ऑस्ट्रियाचा अर्थमंत्री होता. १९२१ मध्ये व्हिएन्नातल्या बीडरमन बँकेचा अध्यक्ष झाला. बँकेकडून मिळालेल्या उचलीवर त्याने स्वतः इतर धंद्यांत गुंतवणूक केली. १९२४ मध्ये व्हिएन्नाचा शेअर बाजार कोसळला, पद गेलं आणि डोक्यावर मोठं कर्ज राहिलं. १९२५ मध्ये तो बॉनला प्राध्यापक झाला. पुढची अनेक वर्षं व्याख्यानं देऊन, लेख लिहून तो ते कर्ज फेडत होता.

म्हणजे ज्याने जोखमीला उद्योजकाचं लक्षण म्हटलं त्याने ती दुसऱ्यांवर ढकलली, आणि ज्याने तिला उद्योजकापासून तोडलं त्याच्याच गळ्यात ती पडली. पण तेवढ्यावरून शुम्पीटर चुकला असं म्हणता येणार नाही. पुस्तकाची दुसरी, सुधारलेली आवृत्ती १९२६ ची, म्हणजे हात पोळल्यानंतर दोनच वर्षांनी आलेली. तिच्यातही हे मत ठाम आहे. स्वतःच्या बाबतीत त्याचं उत्तर कदाचित एवढंच असतं: मी बुडालो तो पैसे घालणारा म्हणून.

मुंबईच्या गिरण्यांतलं उदाहरण

हा फरक फक्त पुस्तकी आहे का? मुंबईच्या गिरण्यांच्या हिशेबात तो सरळ दिसतो. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. यंत्रं विलायतेची, कापूस इथला, पैसा मुंबईच्या व्यापाऱ्यांचा. यातली एकही गोष्ट दावर यांचा शोध नव्हती. जुळणी त्यांची होती. शुम्पीटरला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळालं नसतं.

पुढे गिरण्या वाढल्या तशी मॅनेजिंग एजन्सीची पद्धत रुळली. प्रवर्तक कंपनी काढायचा, शेअर विकायचा आणि कारभाराचा मक्ता करार करून आपल्याच पेढीकडे ठेवायचा. एकोणिसाव्या शतकात बऱ्याच गिरण्यांमध्ये या पेढीचं कमिशन तयार होणाऱ्या सुतावर असे: पौंडामागे पाव आणा. नफ्यावर नव्हे, उत्पादनावर! गिरणी तोट्यात असली तरी चात्या फिरत आहेत तोवर कमिशन चालू. भागधारकांनी यावर पुष्कळ ओरड केली, आणि हळूहळू विक्रीवर किंवा नफ्यावर कमिशन घेण्याकडे कल झाला.

इथे एजंटांची बाजूही सांगायला हवी. त्यांच्यापैकी अनेकांचे स्वतःचे शेअर गिरणीत असत, अडचणीच्या वेळी ते गिरणीला कर्ज देत, तिच्या कर्जाला जामीन राहत. म्हणजे एकाच माणसाच्या डोक्यावर दोन पगड्या होत्या. पण म्हणूनच दोन पगड्यांचा हिशेब वेगळा मांडायला हवा. कमिशन मिळालं ते कुठल्या पगडीखाली, आणि तोटा सोसला तो कुठल्या?

दोन्ही बाजूंचं श्रेय

सगळ्यांना शुम्पीटरचं पटलं असं नाही. १९२१ मध्ये फ्रँक नाइटने (हे पुस्तक मुळात त्याचा पीएचडीचा प्रबंध) कँटिलॉनच्या बाजूचा विचार नव्याने मांडला. त्याने जोखीम आणि अनिश्चितता यांत फरक केला. ज्याची शक्यता मोजता येते, ज्याचा विमा उतरवता येतो, ती जोखीम. जे मोजताच येत नाही ती अनिश्चितता. नफा मिळतो तो दुसरीचा. हेही तितकंच भक्कम उत्तर आहे. दोघांत कोण बरोबर, हा वाद इथे मिटवायचा माझा इरादा नाही.

माझा मुद्दा एवढाच की दोन्ही उत्तरं एकदम वापरता येत नाहीत. आणि आज आपण नेमकं तेच करतो. एखाद्या स्टार्टअपच्या संस्थापकाचं कौतुक करताना आपण त्याला शुम्पीटरचं श्रेय देतो (त्याने व्यवहाराची पद्धत बदलली) आणि त्याच वाक्यात कँटिलॉनची सहानुभूती (बिचाऱ्याने केवढा धोका पत्करला). पैसे गुंतवणूक फंडाचे असतील, कंपनीची जबाबदारी मर्यादित असेल, तर दुसऱ्या भागाचा हिशेब तपासायला हवा. काही संस्थापक खरोखर घर गहाण टाकतात. त्यांनी ती जोखीम घेतलेली असतेच. पण ती प्रत्येकाने घेतली असं गृहीत धरणं चूक आहे.

उलट्या बाजूने बघा. त्याच कंपनीच्या ॲपवर गाडी चालवणारा माणूस. गाडीचा हप्ता ठरलेला, डिझेलचा खर्च जवळपास ठरलेला, आजची कमाई किती ते मात्र रात्री कळणार. कँटिलॉनच्या व्याख्येत हा नखशिखान्त उद्योजक आहे, पाणक्याचा थेट वारसदार. किंवा नाशिक जिल्ह्यातला कांदा लावणारा शेतकरी. बियाणं, खत, मजुरी यांचे पैसे आधी जातात, आणि भाव कळतो तो बाजार समितीत लिलाव झाल्यावर. कँटिलॉनने आपलं उदाहरण म्हणून ज्याला निवडलं तोच हा माणूस. पण 'उद्योजकतेला प्रोत्साहन' या शीर्षकाखाली आपल्या डोळ्यांसमोर यांतला कुणीही येत नाही. श्रेय जुळणी करणाऱ्याला मिळतं, आणि अनिश्चितता पेलणाऱ्याची गणना मजूर किंवा लाभार्थी अशी होते.

२०२५ चं अर्थशास्त्राचं नोबेल जोएल मोकिर, फिलिप आगियाँ आणि पीटर हॉविट यांना मिळालं. त्यांपैकी आगियाँ आणि हॉविट यांनी १९९२ मध्ये शुम्पीटरच्या 'सर्जनशील विनाशा'चं गणिती प्रारूप मांडलं होतं. त्यात नव्याचा फायदा आहे तसाच जुन्याचा तोटाही समीकरणात आहे: नवा येतो तो जुन्याचा नफा हिरावून घेऊनच. वालराच्या समीकरणांतून हरवलेला बदलाचा कर्ता असा परत आला, ही माझ्या विषयातली आनंदाची गोष्ट. पण तो परत आला म्हणून पाणक्या आपोआप परत येत नाही. त्याला वेगळं शोधावं लागतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "उद्योजकाने जोखीम घेऊन बदल घडवला" असं म्हटलं, तर दोन साधे प्रश्न विचारून बघा. जुळणी कुणी केली? आणि बुडालं असतं तर कुणाचं बुडालं असतं? दोन्हींचं उत्तर एकच माणूस निघाला, तर फारच छान. वेगवेगळे निघाले, तर नफ्याच्या वाटणीबद्दल बोलताना दोघांचीही नावं घ्यावी लागतील.

बॉमॉलची गोष्ट मात्र अर्धीच राहिली. उद्योजक सगळ्याच काळांत असतात, पण त्यांची हुशारी कारखान्यात खर्च होणार की दरबारात, हे समाज कशाला बक्षीस देतो त्यावर ठरतं, असं त्याने १९९० मध्ये मांडलं. पुढचा लेख त्यावर.